मैलाची तबकडी

माझ्या सासऱ्यांनी जन्मात कुठल्या माणसावर विश्वास ठेवला नाही. ठेवला तो गाडीच्या मीटरवर. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण ते जिवंत असताना बोलायची सोय नव्हती, मग आता तरी कधी बोलू?

आमचं घर सोलापुरात, शुक्रवार पेठेत. भुसार मालाची आडत, मागे धान्याची कोठारं आणि दारात काळी विलायती गाडी. दुष्काळाची सालं नुकतीच मागे पडली होती. पेठेत गाडी असलेली घरं थोडी, त्यामुळे ती गाडी म्हणजे आमच्या घराण्याचं नाक. सासऱ्यांना स्वतःला चालवता येत नसे. ते बसतही क्वचित, कारण पेढी हाकेच्या अंतरावर आणि लांबच्या प्रवासात त्यांची कंबर धरायची. पण रोज संध्याकाळी गाडी आत आली की ते पुढचं दार उघडून वाकायचे आणि मीटरवरचा आकडा बघायचे. आकडा कुठे लिहायचे नाहीत. डोक्यात ठेवायचे, आणि त्याचा त्यांना भारी तोरा. घर ते पेढी इतकं, पेढी ते डाळीची गिरणी इतकं, हे सगळं त्यांना पाठ, तेही मैलात. रस्त्यावरचे दगड कधीच किलोमीटरचे झाले होते, पण सासऱ्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. दसऱ्याला लोक गाडीच्या बॉनेटला हार घालतात. आमच्याकडे मीटरच्या काचेवर विभूतीची तीन बोटं ओढली जायची.

पेट्रोलचा काटा कित्येक वर्षं अर्ध्यावर अडकून बसला होता. टाकी भरलेली असो की रिकामी, तो आपला अर्ध्यावर. म्हणून ड्रायव्हरवर पाळत ठेवायला मैलांचा आकडा तेवढा उरला होता. आमचा ड्रायव्हर सांगोल्याकडचा, मेंढरं सोडून गाडीवर आलेला, आडदांड आणि तुटक बोलणारा. तो मला कधी आवडला नाही. त्यालाही मी आवडत नसावे.

मी बार्शीची. माहेरी आम्ही मराठीच बोलायचो. सासरी कानडी आणि मराठी दोन्ही चालायचं, आणि माझ्याबद्दल काही बोलायचं असलं की सगळं घर पटकन कानडीत शिरायचं. मी समोर ताट वाढत असायची आणि ताटावर बसून माझ्या माहेरची मापं काढली जायची. पहिलं वर्ष काही कळलं नाही. नंतर सगळं कळायला लागलं, पण मी कळू दिलं नाही. असल्या घरात तेवढंच एक हत्यार हाताशी होतं.

माझ्या आईला त्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही जवळजवळ गेलं. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा, रोज बोलतं ठेवा, नाहीतर आहे तेही जाईल. आता हे कोण करणार? भावाला दुकान. वहिनीला घर, दोन म्हशी आणि मुळातच पेशन्स कमी. आईने एखादा शब्द काढायला वेळ लावला की वहिनी स्वतःच तो पुरा करायची आणि पुढच्या कामाला लागायची. म्हणून मी सासऱ्यांकडे तोंड उघडलं. त्यांना मी मामा म्हणायची. गुरुवारी पेढी बंद असायची आणि गाडी रिकामी. गुरुवारी सकाळी जायचं आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं, एवढं त्यांनी कबूल केलं. पेठेत दोन माणसांसमोर मागितलं होतं म्हणून कबूल केलं, मनाने नाही.

त्या गुरुवारांसाठी मी आठवडाभर जगायची. मी भाजीची टोपली आईसमोर ठेवायची आणि एकेक वस्तू हातात धरायची. वांगं. गवार. ती तोंड वाकडं करून, डावा हात मांडीवर आपटून तो शब्द बाहेर ओढायची. सुरुवातीला सगळंच ‘बा बा’ यायचं. मग एक दिवस ‘गवार’ आलं. पुढे ती माझं लहानपणीचं नाव घ्यायला लागली, पुसट, पण माझंच. मी परत निघाले की उंबऱ्यापर्यंत खुरडत यायची. डॉक्टरही म्हणाले, वाचा येतेय, सोडू नका.

आणि मीटर बंद पडला.

आधी काटा थरथरायला लागला. मग उगाच वर जाऊन धाडकन खाली पडायला लागला. मग शून्यावर झोपला तो उठेचना, आणि आकड्यांची चाकंही थांबली. सासऱ्यांनी जाहीर केलं, मीटर दुरुस्त झाल्याशिवाय गाडी दाराबाहेर जाणार नाही.

“डोळं फुटलेला बैल कुणी जुपतंय का?” ते म्हणाले.

गाडी चालत होती, ब्रेक लागत होते, हॉर्न तर अख्ख्या पेठेला ऐकू जायचा. बंद होतं ते फक्त सासऱ्यांचं हेरखातं. माझा तो गुरुवार गेला.

मीटरवाला आला. ट्रक थांबतात त्या रस्त्याला त्याचं दुकान होतं आणि ट्रकवाल्यांत राहून त्याचं तोंड चांगलंच फाटकं झालं होतं. त्याने गाडीच्या पुढच्या भागातून सगळी पाटीच बाहेर काढली. मधोमध मोठा मीटर आणि बाजूला पेट्रोलचा, गरमीचा असे छोटे काटे, एकाच पत्र्यावर बसवलेले. खालून एक लांब तार लोंबत होती. पेट्रोलचा काटाही करून देतो म्हणाला. सासरे म्हणाले, “ते ऱ्हाऊ दे.” पाटी घेऊन तो गेला आणि काही दिवसांनी परत आणली.

मी खिडकीशी बसून ज्वारी निवडत होते. पाटी बघितल्याबरोबर सासऱ्यांचा आवाज चढला. मीटरच्या तबकडीवर मैलांऐवजी किलोमीटर लिहिलेलं होतं.

“पुराने मशीन के दात घिस गए सेठ,” मीटरवाला म्हणाला. “मैल का मशीन अब मिलता नै. किलोमीटर का बिठाया.”

“गाडीचं तोंड बदललास की रे तू. माझ्या वडलांनी घेतलेली गाडी हाय ही. जुनी तबकडी लाव.”

“लगाता. दो स्क्रू का काम है. लेकिन सुनो, काटा बराबर चलेगा, आकडा नै चलेगा. अंदर किलोमीटर गिनेगा, ऊपर मैल लिखा रहेगा.”

“मला शिकवू नको. लाव म्हणतो ते लाव.”

“मेरेकू क्या. बाद में बोलना नक्को.”

त्याने तिथेच ओट्यावर बसून तबकडी बदलली. सासऱ्यांच्या डोळ्यासमोर नव्या यंत्राला जुना चेहरा चढला. मग ड्रायव्हरने गल्लीतून एक फेरी मारली, काटा नीट हलला, आणि सासऱ्यांचं समाधान झालं. त्या सगळ्या भांडणातून मला एवढंच कळलं की येत्या गुरुवारी गाडी निघणार. बाकीचं मी ज्वारीतल्या खड्यांसारखं बाजूला टाकलं.

पहिले दोन दिवस ड्रायव्हरवर शिव्यांचा मारा झाला. पेढी ते गिरणी नेहमीपेक्षा जास्त कशी दिसते? कुठे चहाला वळतोस? कुणाला बसवून नेतोस? तो म्हणाला, “कुटं न्हाय वळलो.” दुसऱ्या दिवशीही तेच. अंतर थोडं होतं म्हणून ते तेवढ्यावर निभावलं.

गुरुवारी मी बार्शीला गेले. आई त्या दिवशी चांगली बोलली. मी आनंदात घरी आले. सासरे गाडीत वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. बार्शी जाऊन येऊन नव्वद मैलांच्या आत, हे त्यांना देवाच्या नावासारखं पाठ. मीटर सांगत होता एकशे चाळीसच्या आसपास.

त्यांनी मला काहीच विचारलं नाही. सुनेला विचारायची त्यांची पद्धत नव्हती. ते जेवायला बसले आणि सासूबाईंना कानडीत म्हणाले, ही पोर बार्शीच्या नावाखाली आणखी कुठे जाते ते बघ. सासूबाई म्हणाल्या, आईचं दुखणं ही चांगली सबब सापडलीय. सासरे म्हणाले, पन्नास मैल म्हणजे थोडंथोडकं नाही, तेवढ्यात माणूस दुसऱ्या गावाला जाऊन येतो. मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

नवऱ्याला मी खोलीत सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता, पण बापासमोर त्याचं पाणी व्हायचं. तो म्हणाला, “अप्पांचा आकडा चुकत नाही कधी.” मी म्हटलं, म्हणजे मी चुकते का? तो म्हणाला, “तसं कुठं म्हणालो मी?” आणि कूस बदलली. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची सवय मला माहीत होती.

पुढच्या गुरुवारी सासूबाईंना माझ्याबरोबर धाडलं. पहारा म्हणून. आता सासूबाईंची एक खोड सगळ्या घराला ठाऊक होती आणि त्यांनी ती कधी मान्य केली नव्हती. गाडी सुरू झाली की त्यांना झोप लागायची. गावाची वेस ओलांडायच्या आत त्यांची मान काचेवर पडली आणि तोंड उघडं राहिलं.

मी पुढच्या सीटवर हात टेकून वाकले आणि मीटर बघायला लागले. मला छडा लावायचा होता. रस्त्याकडेचा एक दगड गेला, मग दुसरा. आकडा बरोबर एकाने सरकला. पुन्हा दगड, पुन्हा एक. दगड किलोमीटरचे, आणि मीटरवर लिहिलेलं मैल. खिडकीत ज्वारी निवडताना कानावर पडलेलं भांडण मला सगळंच्या सगळं आठवलं. आत किलोमीटर मोजणार, वर मैल लिहिलेलं राहणार. माणसाने सांगितलं होतं, तोंडावर सांगितलं होतं.

मी ड्रायव्हरला म्हटलं, “बघा हो जरा, दगड आणि आकडा.”

“बाई, मला रस्ता बगू द्या,” तो म्हणाला.

“अहो, तुमच्यावरचाच आळ जाईल.”

“माज्यावर आळ कशापायी आला? तुमच्यापायी की.” त्याने मान वळवली नाही.

वाटेतलं वैराग गेलं, बार्शी आली. परत येतानाही मी तेच बघत राहिले आणि तेच दिसत राहिलं. सासूबाई दोन्ही वेळा झोपल्या होत्या. मला वाटलं, आता काय, घरी जाऊन सरळ सांगायचं. किती भाबडी होते.

घरी आल्यावर सासरे वाकले, आकडा बघितला आणि सरळ झाले. आकडा पुन्हा तेवढाच. मी पदर सावरला आणि त्यांच्याशी सरळ बोलले. म्हटलं, “मामा, यंत्र किलोमीटरचं आहे. मीटरवाला म्हणालाच होता. दगडाशी आकडा लावून बघा, एका दगडाला एक आकडा पडतो.”

“आता सून मला मीटर शिकवणार?” ते सासूबाईंना म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “तू होतीस की गाडीत. कुटं कुटं गेली गाडी?”

सासूबाईंना एवढंच म्हणायचं होतं की गाडी बार्शीला गेली आणि परत आली. पण मग पुढचा प्रश्न आला असता, वाटेत काय काय बघितलंस? आणि झोपले होते हे त्या मेल्या तरी बोलल्या नसत्या. त्या म्हणाल्या, “वळली बाई कुटं कुटं. लई वळणं घेतली. मला काय कळंना.”

त्यांनी पदर तोंडाशी घेतला आणि आत गेल्या. झोपेची लाज वाचवायला त्या बाईने माझी अब्रू टाकून दिली, एवढ्या सहज, जसा भांड्यातला शिळा चहा मोरीत ओतावा.

मी अजून हरले नव्हते. मी म्हटलं, “मग पेट्रोल जास्त लागायला हवं होतं. यांना विचारा, नेहमीएवढंच भरलंय.” पेट्रोलचे पैसे भागवणारा नवरा दारात उभा होता. तो म्हणाला, “व्हय, पेट्रोल नेहमीएवढंच लागलंय खरं.” एवढं एक वाक्य तो माझ्या बाजूने बोलला आणि त्यानेच माझा घात केला.

सासरे माझ्याकडे न बघता, आणि या वेळी मराठीत, मला नीट कळावं म्हणून म्हणाले, “मग वरचं पेट्रोल कुणी भरलं?”

परका कुणीतरी पुरुष मला कुठेतरी भेटतो आणि जाताना गाडीत पेट्रोल भरून देतो, असं त्यांचं गणित जमलं होतं. मी निर्दोष असल्याचा पुरावा दिला तर त्यातूनही त्यांनी माझा गुन्हा काढला. असल्या माणसापुढे काय बोलायचं? मला त्या क्षणी तो मीटर दगडाने ठेचावासा वाटला, आणि मीटरबरोबर आणखीही काही.

ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी काढलं. जाताना तो मागच्या दाराने आला. मी भांडी घासत होते. मला वाटलं, दोघांवर एकच अन्याय झालाय, काहीतरी बरं बोलेल. तो म्हणाला, “तुमी गप बसला असता तर माजी भाकरी ऱ्हायली असती. मीटर, दगड, काय काय काढत बसला. मोठ्या घरच्या भांडणात आमी मरतो.” मी म्हटलं, मी खरं तेच सांगितलं. “खरं तुमचं तुमच्यापाशी ठेवा,” तो म्हणाला आणि गेला. मला त्याचाही राग आला. आजही येतो.

माझं बार्शीला जाणं बंद झालं.

मी मीटरवाल्याच्या दुकानापर्यंत गेले, भाजी आणायच्या निमित्ताने. पेठेतली सून ट्रकांच्या रांगेत उभी, येणारे जाणारे टकमक बघत होते. त्याच्या फळीवर काट्यांचे, चाकांचे ढीग पडले होते. मी त्याला म्हटलं, चाचा, घरी येऊन एकदा सांगा.

“बोल्या था ना मैं?” तो म्हणाला. “मुँह पे बोल्या था. सेठ ने क्या बोला? मला शिकवू नको बोला. अब सेठ को पूछना है तो सेठ यहाँ आएगा. मैं नै आता.”

मी हात जोडले. तो एका मीटरची काच पुसत बसला. त्याचं बोलणं खरं होतं आणि त्या खरेपणावर तो मांडी घालून बसला होता. सासऱ्यांचा एक ताठा, याचा एक ताठा, आणि दोघांच्या मध्ये माझी आई शब्दावाचून पडलेली. मी रिकामी पिशवी घेऊन परत आले आणि भाजी न आणल्याबद्दल बोलणी खाल्ली.

नवा ड्रायव्हर आला आणि आकडा जास्त दिसतो म्हणून तोही रोज शिव्या खायला लागला. नवरा म्हणायचा, थोडं थांब, घर तापलंय. घर थंड व्हायची वाट बघत एकेक गुरुवार गेला. बार्शीहून धान्याच्या कामाने कुणी आलं की मी आईची चौकशी करायची. ते म्हणायचे, बरं हाय की, आहे तसंच हाय. त्या ‘आहे तसंच’वर मी दिवस काढले. एस्टीने एकटी निघून का गेले नाही, असं माझी मुलगी मला विचारते. तिला काय सांगणार? ‘वरचं पेट्रोल कुणी भरलं’ हे ऐकल्यावर जी सून एकटी एस्टीत चढली असती, तिला परत त्या घरात पाऊल ठेवता आलं नसतं. आणि माझी मुलगी तेव्हा माझ्या कडेवर होती.

मग अक्कलकोटला सासऱ्यांच्या पुतणीचं लग्न निघालं. घरचंच लग्न, कंबर दुखो की मोडो, सासऱ्यांना जाणं भाग होतं. मागे आम्ही बायका दाटीवाटीने बसलो, म्हणून ते पुढे नव्या ड्रायव्हरशेजारी बसले. म्हणजे मीटर त्यांच्या डोळ्यांसमोर आला. मी मागून त्यांची मान बघत होते. अक्कलकोटचा रस्ता त्यांच्या लहानपणापासूनचा. आजोळ तिकडचं. कुठल्या ओढ्याला किती मैल होतात हे ते नातवंडांना सांगायचे. निम्म्या वाटेला त्यांची मान मीटरकडे वळली. मग दर थोड्या वेळाने वळायला लागली.

लग्नघरासमोर गाडी थांबली. बायका उतरल्या. सासरे उतरेनात. त्यांनी खांद्यावरच्या उपरण्याने मीटरची काच पुसली आणि पुन्हा बघितलं. काच पुसून आकडा बदलेल असं त्यांना वाटलं असावं. चोवीस मैलांच्या गावाला त्यांच्या स्वतःच्या बुडाखाली गाडी चाळीस मैलांच्या आसपास चालली होती. आणि तीही कुठे न वळता.

मी दारापाशी उभी राहिले. मांडवातून व्याही, भाऊबंद, बायका सगळे सामोरे आले होते. मी तोपर्यंत त्या घरात कानडीचा एक शब्द बोलले नव्हते. मी म्हटलं, “मामा, नानु बार्शिगे होगिद्दे. बेरे एल्लू होगिल्ल.” मी बार्शीलाच गेले होते, दुसरीकडे कुठे गेले नव्हते. मग त्याच भाषेत विचारलं, आज वाटेत गाडी कुठे वळली, आणि वरचं पेट्रोल कुणी भरलं?

सासूबाईंचा चेहरा असा झाला की इतक्या वर्षांत माझ्यासमोर काय काय बोललो ते त्या मनात मोजत असाव्यात. मग त्या माझा दंड धरून “साकु, साकु,” म्हणाल्या. म्हणजे पुरे. मी दंड सोडवून घेतला.

सासरे गाडीतून उतरले. उपरणं खांद्यावर टाकलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, एवढ्या माणसांसमोर निदान एक शब्द. ते नव्या ड्रायव्हरला म्हणाले, “सोलापूरला गेल्यावर मीटर नीट करून घ्यायला पायजे.” आणि मांडवात जाऊन हातपाय धुवायला पाणी मागितलं.

एवढंच. मला त्यांनी क्षमा मागायला हवी होती असं मी म्हणत नाही. त्या काळचे सासरे सुनेची क्षमा मागत नव्हते. पण तुझं खरं होतं, एवढं म्हणायला काय झालं होतं? जीभ झडली असती का? घरी आल्यावर त्यांनी किलोमीटरची तबकडी आणवून बसवली. ओसरीत बसून मोठ्याने म्हणाले, “गुरुवारी गाडी बार्शीला जाईल.” जणू माझ्यावर उपकारच.

मी म्हटलं, “गाडी ठेवा तुमच्याकडे. मी एस्टीनं जाईन.” सासूबाई म्हणाल्या, पेठेत लोक काय म्हणतील. मी म्हटलं, “लोकांना मीटर दाखवा.” नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच माझी पिशवी उचलून स्टँडपर्यंत आला.

बार्शीला पोहोचले तेव्हा आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी हाक मारली. तिने मान वळवून बघितलं. ओळखलं, अगदी नीट ओळखलं. आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, “दर गुरुवारी दारात बसवायला लावायच्या. आंघोळ करून, वेणी घालून. आम्ही सांगायचो, येतील पुढच्या गुरुवारी. नंतर बसायचं सोडलं. बोलायचंही सोडलं. मी तरी किती करू?”

मी भाजीची टोपली घेऊन बसले. वांगं हातात धरलं. गवार धरली. ती बघेना. मी तिचा चांगला हात हातात घेतला आणि सांगायला लागले, आई, मला येऊ दिलं नाही, गाडीचा मीटर चुकला होता, वर मैल लिहिलं होतं आणि आत किलोमीटर. बोलता बोलता मलाच ते खोटं वाटायला लागलं. आजारी आईला भेटायला पोर आली नाही, कारण काय, तर तबकडी. कुठल्या आईला ते पटेल? तिने डावा हात माझ्या हातातून ओढून घेतला. त्या हातात अजून चांगला जोर होता.

मी दर गुरुवारी एस्टीने जात राहिले. ती माझ्या हातचं खायची, अंग पुसू द्यायची, वेणी घालू द्यायची. शब्द मात्र नाही. मला वाटायचं, वाचा गेली ती गेलीच. मी डॉक्टरांना तसं सांगितलंही.

ती गेली त्याच्या आदल्या महिन्यात मी बार्शीला पोहोचले आणि नळावर पाय धूत होते. आत वहिनी तिला पेज भरवत होती. आतून आवाज आला, जड, तुटका, पण स्पष्ट. “पुरे.” मग थोड्या वेळाने, “पाणी.” मी तशीच ओल्या पायांनी आत धावले. आईने मला बघितलं आणि तोंड मिटलं.

वहिनी म्हणाली, “माझ्याशी बोलतात की हल्ली दोन-चार शब्द. तुम्हाला माहीत नव्हतं?”